रविवारी साडेचारचं जेवण

माझ्या बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर, ताटं उचलता उचलता तुमच्यातल्या थोरलीनं मला विचारलं, "आजी, आईला इंग्रजी येतं, तुलाही येतं. मग तू जर्मन कशाला शिकलीस?" मी म्हटलं, "फ्यूर ओयश." तुमच्यासाठी. हे उत्तर खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगण्याइतकं जर्मन माझ्याकडे नाही, म्हणून ते मराठीत लिहिते आहे. मला जर्मन शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई ते तुमच्या भाषेत करून देतील. थोरली आता बाराखडी गिरवते आहे, तेव्हा कधीतरी ती स्वतःही वाचेल.

आत्ताच लिहायचं कारण दुसरं आहे. त्याच दिवशी मला चमच्याला तुमचा शब्द आठवला नाही. हातात चमचा धरून मी नुसती बघत बसले आणि धाकट्यानं तो शब्द सांगितला. असं अलीकडे वरचेवर होतं. बीडचे डॉक्टर म्हणाले, वय आहे, सगळ्यात शेवटी शिकलेलं आधी जातं. जर्मन आधी जाईल, मग इंग्रजी. मला सगळ्या गोष्टी जागच्या जागी ठेवायची सवय आहे. जे जाणार आहे, ते जाण्याआधी नीट लिहून ठेवलेलं बरं.

तुमचे बाबा, माझा मुलगा, होते तेव्हा मला जर्मनची गरजच नव्हती. रविवारी जर्मनीहून व्हिडिओ फोन यायचा तेव्हा ते मधोमध बसलेले असायचे. एका बाजूला तुमची आई, तिच्या मांडीवर धाकटा, सोफ्याच्या पाठीवर चढलेली थोरली. इकडे माजलगावात मी, आणि माझ्या खांद्यामागून डोकावणारी तुमची आत्याआजी, म्हणजे माझी नणंद. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. आमचं मराठी तिकडे आणि तुमचं जर्मन इकडे पोचवायचं काम बाबांचं. ते भाषांतर करायचे असं मी म्हणणार नाही. ते दोन्हीकडची भांडणं, चेष्टा, काळज्या चाळून घ्यायचे आणि ज्याला जे पचेल तेवढंच पुढे द्यायचे.

मी फोनवर पहिलं वाक्य नेहमी एकच म्हणायची, "जेवलात का रे?" ते तुमच्या आईकडे वळून काहीतरी सांगायचे, ती हसून मान हलवायची, आणि ते मला सांगायचे, "हो म्हणतेय." एकदा मी त्यांना विचारलं, "तू तिला नक्की काय सांगतोस रे?"

"आई कशी आहेस विचारतेय, असं सांगतो."

"मी असं कुठं विचारलं?"

"अगं आई, इकडं कुणाला जेवलास का विचारलं, तर तो म्हणतो, नाही अजून, काय केलंय? चपला घालून तयारच होतो! मग त्याला वाढावं लागतं."

आत्याआजी मागून म्हणाली, "मग वाढायचं की! भाकरीला काय धाड भरली का तुमच्याकडं?"

आम्ही सगळेच हसलो. तुमची आई काहीच न कळता आमच्याबरोबर हसली. मीही ते तिथंच सोडून दिलं. सगळी नोकरी मी कॉलेजातल्या पोरांना इंग्रजी शिकवताना हेच सांगत आले होते. कोणी 'हाऊ आर यू' विचारलं, की 'फाइन, थँक यू' म्हणायचं. खरं काय चाललंय ते सांगत बसायचं नाही, कारण ते कोणी विचारलेलंच नसतं.

तुमची आई लग्नानंतर पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा पुण्याहून येताना बाबांनी गाडी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर थांबवली होती. मी त्यांना आणायला गेले होते, म्हणून तिथे होते. वाढणारा दर वेळी गरम भाकरी ताटात टाकायचा आणि तुमची आई दर वेळी त्याच्याकडे बघून "डांके" म्हणायची. चौथ्या भाकरीला तो बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, वैनीला काही कमी पडलं का? मघापासून काहीतरी मागायल्यात." बाबांनी त्याला सांगितलं, "त्या आभार मानतायत." तो चाट पडला. "जेवनाचे आभार? पैशे तर तुमी देनारच हाव की!" गाडीत बसल्यावर बाबांनी तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "मग इथे माणसाला कळणार कसं, की मला बरं वाटलं?" असं तिनं मला इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "ताट रिकामं केलंस ना, कळलं त्याला."

हे सगळं बाबांच्या भरवशावर चाललं होतं.

मग बाबांचा आजार निघाला आणि वर्षाच्या आत ते गेले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, व्हिसाचे कागद अडकलेले. मी पोचू शकले नाही. तिकडचा शेवटचा विधी मी फोनवर पाहिला. काळे कोट घातलेली माणसं एकामागून एक तुमच्या आईपाशी येत होती, हात हातात घेऊन दोन शब्द म्हणत होती आणि पुढे सरकत होती. इकडे आमच्या दारात सतरंज्या टाकल्या होत्या. माणसं बसायला येत होती. कोणी काही बोलत नव्हतं. येऊन बसायचं, थोड्या वेळानं उठायचं. आपल्याकडे दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन यायच्या, ताट पुढे सरकवायच्या आणि मी खाईपर्यंत शेजारी बसून राहायच्या. "दोन घास घ्या, बाई." तेवढंच.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला तेव्हा सोफ्यावर मधली जागा रिकामी होती. तुम्ही तिघंही आपापल्या जागीच बसला होता, सरकून बसायचं कोणाला सुचलं नव्हतं. तुमच्या आईनं इंग्रजीत माझी तब्येत विचारली, मी बरी आहे म्हणाले. मी तिची विचारली, तीही बरी होती. इंग्रजी ना तिच्या घरची, ना माझ्या. त्या भाषेत आम्ही दोघी एकमेकींशी फार चांगलं वागायचो आणि त्यापलीकडे काही होत नसे. तुम्ही हात हलवलात. धाकटा मी बोलले की उजवीकडे बघायचा, बाबा बसायचे त्या बाजूला. कोणीतरी सांगेल, म्हणून.

फोन दहा मिनिटांचा झाला, मग पाच. मी कॅलेंडरकडे बघत बसायची आणि मला स्पष्ट दिसत होतं पुढे काय होणार ते. आधी एखादा रविवार चुकेल, मग महिन्यातून एकदा, मग वाढदिवसाला. कोणाचीही चूक नसेल. तुमची आई भली बाई आहे, ती कधीच फोन बंद करणार नव्हती. पण भलेपणावर किती दिवस फोन चालतो? माझा मुलगा गेला होता, आणि आता त्याची मुलंही बोलता बोलता जाणार होती. म्हणून मी जर्मन शिकायला बसले.

त्या पुण्याच्या बाई फोनवर वर्ग घ्यायच्या. वर्गात सगळ्या तरुण मुली, बहुतेक नर्सिंग झालेल्या, तिकडच्या दवाखान्यांत जायचं म्हणून शिकणाऱ्या. केजच्या एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, तुमचा व्हिसा कधीचा?" मी म्हटलं, "मला कुठं जायचं नाही." "मग परीक्षा कशासाठी?" "परीक्षा नातवंडं घेणार आहेत." त्यावर सगळा वर्ग हसला, पण पुढे त्या मुलींनीच मला सांभाळून घेतलं. शिकवणाऱ्या बाई वेगानं बोलल्या, की कोणीतरी म्हणायचं, "ताई, आजींसाठी परत एकदा."

सकाळी पूजा आटोपली, की मी जेवणाच्या टेबलाशी बसायची. आत्याआजी समोर भाजी निवडत असायची आणि बोलायची.

"वैनी, तुमी कावून डोकं शिणवायलाव? आता वरी जायच्या वयात! यमाचा रेडा काय जर्मन हाय का?"

"वन्सं, रेड्याशी मी मराठीत बोलेन. नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलू?"

"खुणा करा की! म्या न्हाई का बोलत? त्या बारक्यानं जीभ दावली, म्या दावली. झालं बोलणं."

तरीही ती ऐकत असायची. मला सगळ्यात आवडायची ती तुमच्याकडची रोजची, बारीकसारीक बोलणी. कोणी शिंकलं, की तुम्ही 'गेझुंडहाइट' म्हणता, तब्येत चांगली राहो. आपल्याकडे कोणी निघताना शिंकलं तर निघणारा परत बसतो, पाणी पितो आणि मग जातो. आत्याआजीनं ते लगेच उचललं. नारायणगडाला दर्शनाला निघताना शेजारीण शिंकली तर ती दारातूनच ओरडली, "गेझुंड!" आणि तरी घटकाभर खाली बसलीच. आजाऱ्याला 'गूटे बेसरुंग' म्हणायचं, लवकर बरं वाटो. कोणाची परीक्षा असली, की त्याच्यासाठी स्वतःचे अंगठे मुठीत दाबून धरायचे, आणि तसं त्याला सांगायचंसुद्धा. हे मला फार भावलं. थोरलीच्या पोहण्याच्या स्पर्धेच्या दिवशी मी मोंढ्यातून बाजार करून येताना रिक्षात दोन्ही मुठी आवळून बसले होते. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "मावशी, पोटात दुखायलंय का? दवाखान्यात घेऊ?"

हळूहळू फोन पुन्हा लांबला. मी एखादं वाक्य म्हटलं, की तुम्ही दोघं मला दुरुस्त करायचा. थोरली म्हणाली, "आजी, तू रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं बोलतेस." मला त्याचं काही वाटलं नाही, ती बाई निदान स्पष्ट बोलते. तुम्ही हसत होता आणि मधल्या रिकाम्या जागेवर धाकटा सरकून बसू लागला होता. पण बाबांबद्दल आम्ही कोणीच बोलत नव्हतो. तुमची आई मागे स्वयंपाकघरात असायची. शेवटी येऊन हात हलवायची.

बाबांचं वर्षश्राद्ध आलं. त्या दिवशी तुमच्या आईशी तिच्या भाषेत बोलायचं मी ठरवलं. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला तिकडे काय म्हणतात, ते मी शिकवणाऱ्या बाईंना विचारून घेतलं. त्यांनी दोन शब्द सांगितले, 'हेर्त्सलिशेस बायलाइड'. तुमच्या दुःखात मनापासून सहभागी आहे, अशा अर्थाचे. मी ते चार दिवस घोकले. उच्चार पक्के केले. कामात कसूर नको, ही माझी जुनी सवय. श्राद्धाचं सगळं उरकल्यावर मी स्वतः फोन लावला, तुमच्या आईला बोलवायला सांगितलं आणि ते दोन शब्द अगदी स्वच्छ म्हटले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "डांके," ती म्हणाली. ढाब्यावरच्या वाढप्याला म्हणायची, तसंच. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा इंग्रजीत निरोप आला. "आई, हे शब्द मला बँकेनं पाठवले, विमा कंपनीनं पाठवले. खालच्या मजल्यावरचा माणूस, ज्याचं नावही मला माहीत नाही, तो जिन्यात हेच म्हणाला. बाहेरची माणसं हे म्हणतात. तुम्ही त्याची आई आहात. तुमच्याकडून हे ऐकलं आणि मला वाटलं, तुमच्या लेखी मी घरातली नाही. फक्त त्याची विधवा आहे."

पुढचा रविवार फोनाविना गेला. धाकट्याला सर्दी होती. त्याच्या पुढच्या रविवारी थोरलीची सहल होती. नंतर कारणही आलं नाही. मी इंग्रजीत माफीचा निरोप पाठवला. "काळजी करू नका, मी समजू शकते," असं उत्तर आलं. समजू शकते म्हणजे काय, ते मला कळत होतं. धरणाच्या रस्त्यानं ऊसतोडीच्या गाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या, हंगाम लागला होता, आणि मी टेबलाशी पुस्तक मिटून बसत होते.

आत्याआजीला राहवलं नाही. "वैनी, तुमी तिला बोललाव तरी काय?" मी सांगितलं.

ती भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "म्हंजी बाहेरच्यावानी बोललाव."

"आपल्याकडे बसायला आलेली बाहेरची माणसंही बोलत नाहीत, वन्सं."

"तेच म्हनायले. आमचे हे गेले, तवा तुमी मला इथं घेऊन आलाव. आठवतंय का, काय बोलला व्हताव?"

मला खरंच आठवत नव्हतं. "काय बोलले होते?"

"काईच न्हाई. ताट वाढलंव. म्हनलाव, जेवा वन्सं. अन् माझं हुईपर्यंत समोर बसून ऱ्हायलाव. तुमी जेवल्या व्हताव तरी माझ्यासंगट परत जेवलाव." मग तिनं भाजी पुढे ओढली. "लई ग्वाड लागलं होतं ते. मीठ कमी होतं, तरी."

त्या रविवारी मी दुपारी जेवले नाही. साडेचारला, म्हणजे तुमच्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला, मी ताट वाढून घेतलं. पिठलं, भाकरी, कांदा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि लावला. तुमच्या आईनं उचलला. ती स्वयंपाकघरात एकटीच होती, तुम्ही आतल्या खोलीत होता. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. विचारलं, "हास्ट डू गेगेसन?"

जेवलीस का?

तिनं फोन जवळ घेतला. मला वाटलं, वाक्य चुकलं. मग मी तेच मराठीत विचारलं, ती बारा वर्षं ऐकत आली होती त्याच सुरात. तो सूर तिनं ओळखला. हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुम्ही हे विचारत होतात?" ती म्हणाली. "दर रविवारी? तो सांगायचा, आई कशी आहेस विचारतेय."

"नाही," मी म्हटलं. "मी जेवलीस का, असंच विचारायची."

"आणि मी सांगायची, मी मजेत आहे."

मी ताट पुढे ओढलं. मग पुन्हा विचारलं, "जेवलीस का?"

"नाइन," ती म्हणाली. नाही. आणि खुर्चीत बसली. ती म्हणाली, मुलांना वाढते, त्यांचं होतं, मग भांडी असतात. ती उभ्यानंच काहीतरी खाते. तो गेल्यापासून ती टेबलाशी बसलेली नाही, कारण समोरची खुर्ची त्याची आहे. हे तिनं जर्मनमध्ये सांगितलं, भराभर. अर्धे शब्द मला कळले नाहीत आणि कळायची गरज पडली नाही. मी एवढंच म्हटलं, ताट घेऊन ये. मी बसलेय.

ती उठली. सूप गरम केलं, पाव कापला. फोन उचलून तिनं टेबलावर त्या खुर्चीसमोर ठेवला आणि आपल्या जागेवर बसली. आम्ही जेवलो. मध्येच ती रडली. मी घास थांबवला नाही, शेजारणींनी माझ्यासमोर थांबवला नव्हता तसा. आत्याआजी माझ्या शेजारी येऊन बसली, तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि फोनकडे दाखवून म्हणाली, "खा गं माय." तुमच्या आईनं त्याचं भाषांतर विचारलं नाही. आवाज ऐकून तुम्ही दोघं बाहेर आलात. आई बसलेली बघून थोरली दारातच थांबली, आणि धाकटा थेट पावावर तुटून पडला.

जेवण झाल्यावर तिनं रिकामा वाडगा फोनसमोर तिरका करून मला दाखवला. डांके म्हणाली नाही.

तर थोरल्या बाई, जर्मन मी शिकले ते तुमच्याशी बोलायला. पण जे बोलायचं होतं ते माझ्याकडे आधीपासून होतं. ते थेट पोचवण्यापुरतं जर्मन मला लागलं आणि मिळालं. ते सबंध येईल अशी आशा मी कधीच केली नव्हती. आता जाऊ लागलं आहे, त्याची तक्रार नाही. अंगठे दाबून धरायचं वाक्य मला परवा पुरतं म्हणता आलं नाही. स्टेशनवरच्या बाईची वाक्यं तर कधीच गेली. वर्गातल्या मुलींपैकी केजची मुलगी तुमच्याच देशात कामाला लागली आहे. तिचा फोन आला तेव्हा मी तिला निम्मं मराठीत उत्तर दिलं.

जे टिकलं आहे, ते असं. तुमच्याकडे घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. आमचं साडेचार तेच राहतं. रविवारी मी त्या वेळेला जेवते, तांब्याला फोन टेकवून, आणि आत्याआजीही माझ्याबरोबर जेवते. तुम्ही तिघं टेबलाशी बसता. बाबांच्या खुर्चीसमोर फोन असतो. आता पहिला प्रश्न मला विचारावा लागत नाही. फोन लागला, की धाकटा तोंडात घास असतानाच ओरडतो, "आजी, जेवलीस का?" आणि मी खरं काय ते सांगते.